पॅरिसच्या पुढचा फ्रान्स: रोनच्या काठाने बारा दिवस

पहिल्यांदा फ्रान्सला निघालेल्या मराठी माणसाचा बेत न विचारताही सांगता येतो. पॅरिसला तीन रात्री, आयफेल टॉवर, सेन नदीत बोटीची फेरी, आणि चौथ्या दिवशी सकाळी बस स्वित्झर्लंडच्या दिशेने. बर्फ बघायचा असतो ना! यात वाईट काही नाही. पण असा माणूस पॅरिस बघून येतो, फ्रान्स राहूनच जातो.

माझा सल्ला असा की चौथ्या दिवशी पूर्वेकडे न वळता सरळ दक्षिणेची रेल्वे पकडायची. बर्गंडी, लियों, आव्हिन्यों आणि शेवटी मार्सेयचा समुद्र. लियोंपासून रोन नदी सोबतीला असते. याच खोऱ्यातून रोमन सैन्य वर चढलं, व्यापारी खाली उतरले. आपल्या पणजोबांच्या पिढीतली विलायतेला जाणारी कित्येक मंडळी मुंबईच्या आगबोटीतून मार्सेयला उतरून इथूनच रेल्वेने पॅरिस आणि पुढे लंडन गाठत. आपण त्यांच्या उलट दिशेने जायचं, एवढंच.

आधी कागदपत्रं आणि तारखा

मे, जून किंवा सप्टेंबर. आपल्या शाळांच्या सुट्टीमुळे मे बहुतेकांना सोयीचा पडतो, पण त्या महिन्यात १ आणि ८ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते आणि एखादा धार्मिक सणही मध्ये येतो, तेव्हा दुकानं कधी बंद ते आधी बघून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन विदर्भासारखं तापतं, आणि सगळा फ्रान्सच सुट्टीवर निघालेला असतो. लॅव्हेंडरचे जांभळे पट्टे बघायचेच असतील तर मात्र जूनचा शेवट ते जुलैचा मध्य याला पर्याय नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात; निदान पंधरा दिवस आधी तो आत गेलाच पाहिजे, पण उन्हाळ्यासाठी भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहण्याच्या प्रत्येक रात्रीचा कागद जोडा आणि बेत खरा लिहा. बारा दिवसांत सात शहरं लिहिलीत तर वाचणाऱ्यालाही शंका येते.

विमानाचं तिकीट पॅरिसला उतरून पॅरिसहूनच परत असं काढलं तरी चालतं, कारण मार्सेयहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर थेट जाणाऱ्या वेगवान गाड्या आहेत. शेवटची रात्र पॅरिसमध्ये काढायची गरज पडत नाही.

गाड्यांचे दोन प्रकार

हे एकदा समजलं की निम्मी काळजी मिटते. तेजेव्हे म्हणजे वेगवान गाडी. १९८१ साली पहिली तेजेव्हे पॅरिस-लियों मार्गावर धावली. आज पॅरिसहून लियोंला दोन तास आणि मार्सेयला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. हिचं भाडं विमानासारखं चढतं, म्हणून तारीख ठरली की लगेच तिकीट काढायचं. दुसरी तेइएर, म्हणजे आपली पॅसेंजर. भाडं साधारण ठरलेलं, आरक्षण लागत नाही, गाडी चुकली तर पुढची. तिचं कागदी तिकीट असेल आणि त्यावर शिक्का मारायला सांगितलेलं असेल तर फलाटावर जाण्याआधी पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यायचा. अशा तिकिटावर शिक्का नसेल तर दंड होऊ शकतो, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिकडेही चालत नाही.

आणखी एक फसगत. तेजेव्हेची स्टेशनं बऱ्याच गावांत गावाबाहेर आहेत. मी पहिल्यांदा आव्हिन्योंला उतरलो तेव्हा मोठ्या काचेच्या इमारतीतून बाहेर आलो आणि तटबंदी शोधत उभा राहिलो. समोर वाहनतळ आणि शेतं. पोपचा राजवाडा गेला कुठे? अर्ध्या तासाने कळलं, की याच स्टेशनातून पाच-सहा मिनिटांची छोटी गाडी गावातल्या 'सांत्र' स्टेशनात जाते. सांत्र म्हणजे मध्य. तिकीट काढताना हा शब्द बघत जा.

'बोंजूर' आधी, काम नंतर

फ्रेंच माणसं तुसडी असतात, असं परत आलेले बरेच जण सांगतात. त्यातल्या बहुतेकांनी दुकानात शिरून सरळ 'हाऊ मच?' विचारलेलं असतं. तिथे दुकान हे कुणाचं तरी घर समजायचं. आत पाऊल टाकलं की 'बोंजूर मादाम' किंवा 'बोंजूर मस्यू', संध्याकाळी 'बोंस्वार', निघताना 'मेर्सी, ओ रव्वार'. काही घेतलं नाही तरी. बसचा चालक, लिफ्टमधला शेजारी, औषधवाला, सगळ्यांना. मी हे कडक पाळायला लागलो तेव्हापासून इंग्रजी येत नसलेले लोकही हातवारे करून मला रस्त्याच्या वळणापर्यंत सोडायला आले.

'तू' आणि 'व्हू' यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही: तू आणि तुम्ही. इंग्रजी बोलणारे इथे अडखळतात, आपण नाही. अनोळखी माणसाला कायम 'व्हू'.

जेवणाचं घड्याळ

दुपारचं जेवण बारा ते दोन. लहान गावात दोन वाजता स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, आणि सात-साडेसातपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. मी एकदा सव्वादोनला पोचलो. खुर्च्या भरलेल्या, लोक गोड पदार्थ खात बसलेले, आणि मालकीणबाईंनी अगदी नम्रपणे घड्याळाकडे बोट केलं. त्या दिवशी बेकरीतला पाव आणि टोमॅटो. बेकरी हा असा कायमचा आधार असतो, पण रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तीही बंद असू शकते.

'मन्यू' म्हणजे पदार्थांची यादी नव्हे. ठरलेल्या किमतीत दोन-तीन टप्प्यांचं जेवण. यादी हवी तर 'कार्त' मागायचं. 'प्ला द्यू जूर', म्हणजे आजचा पदार्थ, दुपारी सगळ्यात परवडतो. पाणी मागताना 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं पाणी मागितलंत तर बाटली येते आणि बिलातही येते. पाव फुकट. सेवा बिलात धरलेली असते, वर चिल्लर ठेवली तर आनंदाने घेतात, नाही ठेवली तर कुणी रागावत नाही.

शाकाहारी मंडळींनी एक वाक्य पाठ करावं: 'झ न माँझ नी व्ह्यांद नी प्वासों', मी मांसही खात नाही आणि मासेही नाही. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात; त्यांच्या लेखी ती चव असते, मांस नव्हे. दक्षिणेतली तापनाद नावाची ऑलिव्हची चटणी निरागस दिसते, तिच्यात मासोळी वाटलेली असते. काटेकोर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक: पारंपरिक चीज बहुधा वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेलं असतं.

पॅरिस: तीन दिवस, आणि एकच अट

पॅरिसवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही. लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. एप्रिल २०१९ मध्ये आगीत सापडलेलं नोत्र-दाम चर्च डिसेंबर २०२४ पासून पुन्हा उघडं आहे. अट एवढीच की ते बघून झाल्यावर नदी ओलांडून क्ल्युनी संग्रहालयात जायचं. नोत्र-दामच्या दर्शनी भागावर राजांच्या पुतळ्यांची रांग आहे. ते बायबलमधले राजे, पण १७९३ मध्ये क्रांतिकारकांना ते फ्रान्सचे राजे वाटले आणि त्यांनी त्यांची मुंडकी उडवली. ती मुंडकी १९७७ साली एका वाड्याच्या पायाशी खणताना सापडली आणि आता क्ल्युनीत ओळीने मांडली आहेत. नाकं तुटलेली, गालांवर जुन्या रंगाचे पुसट डाग. क्रांतीवरची दहा पुस्तकं एकीकडे आणि ही मुंडकी एकीकडे. यापुढे दक्षिणेत कुठल्याही देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारावर बिनडोक्याचा संत दिसला की थांबा आणि तारीख विचारा. काही वेळा उत्तर सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांचं येतं, काही वेळा १७९३ चं.

बर्गंडी: शेताला नाव असतं

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातून दिजों दीड तासाच्या थोडं वर. तिथून पॅसेंजरने वीस मिनिटांत बोन. दोन रात्री इथे काढा. दारू पीत नसलात तरी.

कारण इथली जमीन. द्राक्षमळ्यांच्या उतारावर गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती आहेत आणि मधूनमधून दगडी कमानी, त्यांवर कोरलेली नावं. प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव, स्वतःची हद्द, स्वतःची कीर्ती. अशा १,२४७ तुकड्यांचा २०१५ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. त्यांना म्हणतात 'क्लिमा'. आपल्याकडे गावातला म्हातारा जसं 'चिंचेचं वावर', 'खालची पट्टी' म्हणतो, अगदी तसं; फक्त इथे ते नाव बाटलीवर छापतात आणि त्यावर किंमत ठरते. रोमाने-कोंती हा सगळ्यात नावाजलेला मळा दोन हेक्टरांचाही नाही.

या जमिनी बऱ्याचशा मठांच्या होत्या. जवळच्या सितोमध्ये १०९८ साली मठ निघाला, तिथल्या साधूंनी शतकानुशतकं मळे राखले. क्रांतीत सरकारने ते जप्त करून लिलावात काढले. मग नेपोलियनचा १८०४ चा नागरी कायदा आला आणि मुलांमध्ये वाटणी होत गेली. क्लो द व्हुजो हा साधूंनी भिंत घातलेला पन्नास हेक्टरांचा सलग मळा आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागला आहे. सातबाऱ्यावरची नावं वाढत जाताना ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी त्या भिंतीपाशी उभा राहून एका ओळीच्या शेवटी लावलेली खूण बघत होतो: चार ओळी एकाच्या, पुढच्या सहा दुसऱ्याच्या. बांध नाही, कुंपण नाही. भांडणं होतात का, हे विचारण्याइतकं फ्रेंच मला येत नव्हतं.

बोन गावात ओतेल-द्यू बघा. १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलां याने गरिबांसाठी बांधलेलं रुग्णालय. बाहेरून करडं, आत अंगणात शिरलात की छतावर लाल, पिवळ्या, हिरव्या, काळसर कौलांची नक्षी. आतल्या लांब दालनात भिंतीलगत लाल पडद्यांच्या खाटा आहेत. दानशूर लोकांनी रुग्णालयाला मळे दिले, आपल्या देवस्थानांना जमिनी इनाम मिळाल्या तसे, आणि त्या मळ्यांची दारू १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलावात विकली जाते. पैसा आजही रुग्णसेवेला जातो.

दुसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घ्या. बोनहून पॉमार, व्होल्ने, म्युरसो अशा गावांमधून मळ्यांतून जाणारी वाट आहे, चढ बेताचे.

वाटेतल्या प्रत्येक गावात चौकात किंवा देवळाजवळ एक दगडी स्तंभ असतो: १९१४ ते १८ च्या युद्धात मेलेल्यांची नावं. थांबून आडनावं मोजा. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात तीस-चाळीस नावं, आणि त्यांत एकच आडनाव तीनदा-चारदा. फ्रान्सने त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक सैनिक गमावले. हा आकडा पुस्तकात वाचून कळत नाही, स्तंभावर कळतो.

लियों: माग, बोगदे आणि सिनेमा

बोनहून पॅसेंजर गाडी दोन तासांच्या आत लियोंला सोडते. तीन रात्री राहा. सोन आणि रोन इथे मिळतात. संगमाच्या वर फुर्व्हिएरची टेकडी. इ. स. पू. ४३ मध्ये रोमनांनी या टेकडीवर लुग्दुनुम वसवलं, आणि पुढे गॉलची, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या रोमन प्रांतांची, राजधानी इथे झाली. सम्राट क्लॉडियसचा जन्म इथलाच. टेकडीवरच्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत, आणि संध्याकाळी शाळकरी मुलं तिथे डबे उघडून बसलेली असतात.

खाली जुन्या शहरात 'त्राबूल' शोधायच्या. त्राबूल म्हणजे एका रस्त्यावरच्या दारातून शिरून, अंगणं आणि जिने ओलांडत, दुसऱ्या रस्त्यावर निघणारी वाट. पुण्यातल्या बोळांतून वाड्याच्या मागच्या दाराने निघावं, तसं. काही त्राबूल नगरपालिकेशी झालेल्या करारामुळे लोकांसाठी उघड्या असतात. सकाळी जा, दाराशेजारचं बटण दाबा, दार ढकला. आत लोक राहतात. वर खिडकीत कपडे वाळत असतात, म्हणून आवाज खाली ठेवा.

खरा लियों मात्र क्रुआ-रूसच्या टेकडीवर आहे. तिथल्या घरांच्या खिडक्या उंच आणि छत चार मीटरच्या आसपास, कारण आत जेकार्डचा माग मावायला हवा. इचलकरंजीत किंवा येवल्यात 'जेकार्ड' म्हटलं की कुठलाही विणकर मान डोलावेल. तो शब्द म्हणजे याच शहरातला जोसेफ-मारी जाकार. १८०४ च्या सुमारास त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने नक्षी विणणारं यंत्र आणलं: भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उचलला जातो, नसेल तिथे नाही. विणकरांना इथे 'कान्यू' म्हणत. १८३१ मध्ये मजुरीच्या दरावरून त्यांनी उठाव केला, शहर काही दिवस ताब्यात घेतलं. त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. टेकडीवरच्या जुन्या विणकामघरांत आजही माग चालवून दाखवतात. तो ठक-ठक आवाज ऐकल्याशिवाय खाली उतरू नका.

एक दुपार मोंप्लेझीरला द्या, मेट्रोची डी लाइन. इथे लुमिएर बंधूंचा कारखाना होता. त्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी १८९५ मध्ये चित्रित केले. फाटक होतं त्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. त्यांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहून भारावलेले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. आपल्या सिनेमाचा एक धागा या साध्याशा फाटकातून निघतो.

लियोंच्या 'बुशों' नावाच्या खानावळी आतडी-कोथळ्याच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध आहेत. शाकाहारी माणूस पाटी वाचूनच पळेल. पळू नका. 'सेर्व्हेल द कान्यू', शब्दशः विणकराचा मेंदू, हे मागवा. तो निघतो ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात आणि हिरवा पाला कालवलेला पदार्थ. चक्क्यात लसूण घातल्यासारखा. पावाबरोबर झकास.

आव्हिन्योंहून रोमन गावं

लियोंच्या खाली हवा बदलते. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून 'मिस्त्राल' नावाचा वारा सुटतो, कधी कधी ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने, आणि आभाळ धुतल्यासारखं निळं करून टाकतो. गाडीच्या खिडकीतून तीन गोष्टी बघा. शेतघरांना उत्तरेकडे खिडक्या जवळपास नसतात. शेतांच्या उत्तर कडेला सुरूसारख्या सायप्रसच्या दाट भिंती असतात. आणि देवळांच्या घंटा दगडी मनोऱ्यात नव्हे, लोखंडी पिंजऱ्यात टांगलेल्या, म्हणजे वारा आरपार जावा. प्रोव्हान्स हा दक्षिणेतला प्रांत कुठे सुरू होतो, हे या पिंजऱ्यांवरून कळतं.

आव्हिन्योंला तीन-चार रात्रींचा मुक्काम करून आजूबाजूला फिरायचं. जुलैत मात्र १९४७ पासून चालत आलेला नाट्यमहोत्सव असतो. तेव्हा खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तर महाग. चौदाव्या शतकात, १३०९ ते १३७७ या काळात, सात पोप रोम सोडून इथे राहिले. त्यांचा राजवाडा किल्ल्यासारखा आहे, आत बराचसा रिकामा. खूप अपेक्षा ठेवून जाऊ नका; पण भिंतींची उंची बघितली की तेव्हाच्या धर्मसत्तेला कुणाची भीती होती ते समजतं. रोनवरच्या, अर्धा वाहून गेलेल्या जुन्या पुलावर जायला तिकीट आहे. नदीच्या पलीकडच्या काठावरून तो जास्त चांगला दिसतो, आणि फुकट.

एक सकाळ ओरांझला: पॅसेंजरने वीस मिनिटं. रोमन नाट्यगृहाची मागची भिंत १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच, जवळपास अखंड.

एक दिवस पों द्यू गारला, आव्हिन्यों किंवा नीमहून बसने. पाण्याच्या पाटासाठी रोमनांनी पहिल्या शतकात बांधलेला तीन मजली पूल, ४९ मीटर उंच. पण उंचीपेक्षा थक्क करतो तो उतार. युझेसजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंत पाट पन्नास किलोमीटर लांब, आणि एवढ्या अंतरात पाणी एकंदर साडेबारा मीटरच खाली उतरतं. म्हणजे किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर. ज्याने शेतात पाट काढून पाणी फिरवलं आहे त्याने हे गणित मनात करून बघावं. खालच्या कमानींत चुना नाही, दगडावर दगड. मधूनमधून भिंतीबाहेर आलेले दगड परांचीच्या फळ्या टेकवायला ठेवलेले. काम झाल्यावर ते कापायचं राहून गेलं. पोहायचे कपडे न्या, खाली गारदों नदीत लोक डुंबतात.

नीममध्ये रोमन आखाडा आहे, मेझों कारे नावाचं देखणं देऊळ आहे, आणि एक शब्द आहे. 'द नीम', म्हणजे नीमचं कापड, यावरून डेनिम शब्द आला असं मानतात. आणि डंगरी? तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. जीनची पँट घालून आखाड्याच्या पायरीवर बसलात की ही जोडी आठवा.

कापडाचाच विषय निघाला आहे तर आर्लच्या शनिवारच्या बाजारात पिवळ्या-निळ्या छापील टेबलक्लॉथांकडे नीट बघा. बुट्टे, वेली, कोयरी. प्रोव्हान्सचं म्हणून विकलं जाणारं हे कापड मुळात 'अँदिएन', म्हणजे हिंदुस्थानी. सतराव्या शतकात आपल्याकडची छिटं मार्सेय बंदरात उतरू लागली आणि इतकी खपली, की स्थानिक रेशीम-लोकरवाल्यांच्या तक्रारीवरून १६८६ मध्ये राजाने आयात आणि नक्कल दोन्हींवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली, चोरटा माल चालूच राहिला. आता पर्यटक तेच कापड प्रोव्हान्सची आठवण म्हणून घेऊन मुंबईला येतात. मीही घेतलं.

आर्लपाशी रोन फाटे फोडते आणि पुढे समुद्राला मिळते. त्या त्रिभुज प्रदेशाचं नाव कामार्ग: रोहित पक्षी, पांढरे घोडे, मिठागरं आणि चक्क भातशेती. लाल तांदूळ मिळतो, आमटीबरोबर चांगला लागतो.

मार्सेय

आर्लहून तासाभरात मार्सेय. इ. स. पू. ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेलं, म्हणजे पॅरिसला विचारणारंही कुणी नव्हतं तेव्हाचं शहर. कळकट, गजबजलेलं, मोठ्याने बोलणारं. आव्हिन्योंच्या शांततेनंतर काहींना ते आवडत नाही. मला मुंबईची आठवण आली. सकाळी आठ-नऊला जुन्या बंदरावर कोळी आणि कोळिणी ताजी मासळी मांडतात, तिथून सुरुवात करा. मग टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दला. आत छताला नवसाच्या छोट्या होड्या टांगलेल्या आहेत.

मराठी माणूस इथे आला की सावरकरांची उडी शोधतो, आणि बहुतेक जण जुन्या बंदराच्या पाण्याकडे बघून उसासा टाकतात. तिथे नव्हे. मोठ्या आगबोटी तेव्हा उत्तरेकडच्या जोलिएतच्या बाजूच्या गोद्यांत लागत. मेट्रोचं जोलिएत स्टेशन आहे. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून निसटून सावरकर पोहत धक्क्यावर चढले, काही अंतर धावले, आणि फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवर दिलं. फ्रेंच भूमीवर आलेल्या माणसाला असं परत देता येतं का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आज तिथे कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणाऱ्या फेरीबोटी उभ्या असतात, बराच भाग कुंपणाआड आहे. पण समुद्राच्या कडेने चालताना धक्क्याची उंची दिसते, आणि ती जमेस धरली की गोष्ट वेगळी वाटायला लागते.

शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्ध-दफनभूमी आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य याच बंदरात उतरलं होतं. इथे दहन झालेल्या सैनिकांची नावं मागच्या बाजूच्या स्मारकावर आहेत. २०२५ पासून मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावास आहे, पासपोर्ट हरवला तर पॅरिस गाठावं लागत नाही.

निसर्गासाठी कालांक: पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि त्यांत घुसलेलं हिरवं-निळं पाणी. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा अचानक बंद करतात, आणि स्युजितोंसारख्या ठिकाणी गर्दीच्या दिवसांत आधी नोंदणी लागते. आदल्या संध्याकाळी बघून मगच निघा. पाणी घरूनच, वाटेत सावलीही नाही आणि टपरीही नाही.

शेवटची संध्याकाळ मार्सेयच्याच लेस्ताक वस्तीत. बंदरालगतच्या टपऱ्यांवर 'पानिस' मिळतं: चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, घट्ट करून, चकत्या कापून तळलेलं. कागदात गरमागरम, वर मीठ. पहिला घास घेताच माझ्या बायकोने विचारलं, "यांच्याकडे पाटवडी तळून खातात?" आम्ही आणखी दोन पुडे घेतले. तिच्या मते हळद आणि थोडी हिरवी मिरची हवी होती.

परतीची गाडी सें-शार्ल स्टेशनातून. स्टेशन उंचावर आहे आणि समोरचा भव्य जिना १०४ पायऱ्यांचा. फोटो आदल्या दिवशी काढून घ्या. बॅगा घेऊन जाताना मेट्रोने जा, ती थेट स्टेशनाच्या पोटात सोडते.